दिवेलागणीला रडणारे बाळ

दवाखाना बंद करण्याची वेळ झाली होती. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती. तेवढ्यात दारात ऑटो थांबला आणि आजी, मुलगा व सून असे तिघे उतरले. सुनेच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेले पाच आठवड्यांचे बाळ होते. ज्याच्यासाठी ही सगळी धावपळ, ते बाळ मात्र माझ्या टेबलावर ठेवले तेव्हा गाढ झोपले होते. ऑटोच्या धक्क्यांनी त्याला वाटेतच झोप लागली होती.

"काय सांगू डाक्टरसाहेब तुमाले," आजींनी सुरुवात केली. "दिवसभर गुणाचं राह्यते. दिवे लागले का सुरू होते. पाजलं तरी रडते, घेतलं तरी रडते. पाय पोटाशी घेते, लालबुंद होते. इचं दूधच बाधते पोराले."

सून खाली मान घालून बसली होती. मी तिला विचारले, "ताई, सलग चार तास अशा शेवटच्या कधी झोपल्या होत्या?" तिने मान वर केली आणि तिला रडूच फुटले. मुलाने खिशातून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. "मेडिकलातून आणले हे थेंब. देऊ का जी?"

परतवाड्यात मी बरीच वर्षे लहान मुलांना तपासतो आहे. हे दृश्य मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी दिसते. नावे बदलतात, गावे बदलतात, पण गोष्ट तीच असते. त्या तिघांना त्या संध्याकाळी जे समजावून सांगितले, तेच आज सदराच्या वाचकांसाठी सविस्तर लिहितो आहे. घरात तान्हे बाळ असेल तर हे कात्रण जपून ठेवावे. नसेल तर शेजारी असेल, त्यांना द्यावे.

पोटशूळ म्हणजे काय?

बाळ एरवी निरोगी आहे, अंगावर नीट पिते, वजनही वाढते आहे, आणि तरीही ते रोज ठरावीक वेळी, बहुधा सायंकाळी, तासन् तास रडते. कशानेही उगी राहत नाही. हाताच्या मुठी वळते, पाय पोटाशी ओढते, पोट टणक लागते, मधूनच वारा सरतो. या रडण्याला आपण पोटशूळ म्हणतो. डॉक्टर मंडळी त्याला कॉलिक म्हणतात.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली याची एक सोपी खूण सांगितली. दिवसाला ३ तासांहून अधिक, आठवड्यातून ३ दिवसांहून अधिक आणि ३ आठवड्यांहून अधिक काळ रडणारे निरोगी बाळ म्हणजे पोटशूळाचे बाळ. आज डॉक्टर तीन आठवडे पुरे होण्याची वाट पाहत बसत नाहीत. पण 'तीनाचा नियम' लक्षात ठेवायला अजूनही सोयीचा आहे. साधारणपणे दर पाच बाळांमागे एकाला हा त्रास होतो. मुलगा-मुलगी, पहिले-दुसरे, आईच्या दुधावरचे-वरच्या दुधावरचे असा भेद तो करीत नाही.

दुसरी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. टी. बेरी ब्रेझल्टन या अमेरिकन डॉक्टरांनी ८० निरोगी बाळांच्या आयांना बाळाच्या रडण्याची रोजची नोंद ठेवायला सांगितले आणि १९६२ साली ती माहिती प्रसिद्ध केली. त्यात असे दिसले की, रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचते आणि बाराव्या आठवड्यापर्यंत बरेच ओसरते. म्हणजे थोडेफार असे रडणे प्रत्येकच बाळाच्या वाढीचा भाग आहे. पोटशूळाच्या बाळात त्याचा जोर अधिक, इतकेच.

आपल्याकडच्या आयांना मी हा हिशेब लसीच्या भाषेत सांगतो. दीड महिन्याची लस द्यायची वेळ येते तेव्हा रडणे सर्वांत जास्त असते. अडीच महिन्यांच्या लसीला ते उताराला लागलेले असते. साडेतीन महिन्यांच्या लसीला याल, तेव्हा बहुतेक ते संपलेले असेल. काही बाळांना चार-पाच महिने लागतात. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर हे महिने प्रसूतीच्या मूळ अपेक्षित तारखेपासून मोजावेत.

दोष कुणाचा?

नेमके कारण एक असे सापडलेले नाही. बाळाची आतडी नवी असतात, अन्न पुढे सरकवण्याची त्यांची लय अजून बसलेली नसते. आतड्यांत राहणाऱ्या उपयोगी जंतूंची वस्तीही नुकतीच होऊ लागलेली असते. मेंदूही नवाच असतो. दिवसभरचा उजेड, आवाज, माणसे यांचा शीण संध्याकाळी साठतो आणि स्वतःला शांत करण्याची कला त्याला अजून अवगत नसते. पोटातील वायू हे रडण्याचे कारण असते असे आपण धरून चालतो. पुष्कळदा प्रकार उलटा असतो. बाळ रडताना हवा गिळते, तिने पोट फुगते, मग ते आणखी रडते.

'आईचे दूध बाधले' हे वाक्य मात्र आपल्या घरांतून कायमचे हद्दपार व्हायला हवे. आईचे दूध जड, पातळ, गरम किंवा थंड नसते. या समजुतीपायी बाळंतिणीची डाळ बंद, पालेभाजी बंद, वांगे-बटाटा बंद, फळे बंद, असे करून तिला नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवलेले मी पाहिले आहे. त्याने बाळाचे रडणे थांबत नाही, आई मात्र अशक्त होते. तिने घरचे चौरस अन्न पोटभर खावे. चहा-कॉफी बेताची असावी.

याला एक अपवाद आहे. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातील प्रथिनाची ॲलर्जी असते. आईने घेतलेल्या दुधातून त्याचा अंश अंगावरच्या दुधात उतरतो. अशा बाळाला रडण्याबरोबर शौचातून रक्त किंवा आव, वारंवार उलट्या, अंगावर इसब, वजन न वाढणे अशी आणखी लक्षणे असतात. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने दूध व दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पाहावेत. त्यातही अंगावर पाजणे बंद करायचे नसते.

आधी खात्री करा

प्रत्येक रडणे पोटशूळाचे नसते. म्हणून पहिल्यांदा डॉक्टरांकडून बाळ नखशिखांत तपासून घ्यावे. पुढीलपैकी काहीही दिसले, तर पोटशूळ म्हणून घरी थांबू नये. रात्र असली तरी दवाखाना गाठावा, वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

– काखेतील तापमान ३७.५ अंश सेल्सिअस (९९.५ अंश फॅरनहाइट) किंवा अधिक, अथवा अंग थंडगार पडणे.
– अंगावर ओढायचे बंद होणे, बाळ मलूल पडणे, रडणे क्षीण होणे.
– हिरवी किंवा रक्ताची उलटी. प्रत्येक पाजण्यानंतर जोराने लांब उडणारी उलटी.
– शौचातून रक्त. पोट फुगून घट्ट होणे आणि शौच, वारा दोन्ही बंद होणे.
– श्वास जलद चालणे (दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक), छाती आत ओढली जाणे.
– डोक्यावरची टाळू फुगणे, फिट येणे.
– जांघेत किंवा वृषणाच्या पिशवीत घट्ट, दुखरी गाठ.
– कधीही न रडणारे बाळ एकाएकी किंचाळून रडू लागणे व न थांबणे.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती सहज नजरेतून सुटते. आईचा गळलेला केस किंवा मोज्याचा दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला, हाताच्या बोटाला किंवा मुलग्याच्या लिंगाला गुंडाळला जातो. रक्तप्रवाह अडतो, बोट सुजून जांभळे पडते आणि बाळ आकांत करते. बाळंतपणानंतर आईचे केस पुष्कळ गळतात, त्यामुळे हे घडते. म्हणून बाळ फार रडू लागले की, एकदा सर्व कपडे काढून उजेडात बोट न् बोट पाहावे.

सगळे ठीक आहे याची घरच्या घरी खूण म्हणजे वजन आणि लघवी. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होणारे आणि पहिल्या तीन महिन्यांत रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅम वजन वाढणारे बाळ उपाशी नाही. अंगणवाडीत वजन करून तक्त्यावर मांडून घ्यावे. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई ठरावीक दिवशी घरी येतात. त्यांना बाळाच्या रडण्याबद्दल जरूर सांगावे.

बाळाला शांत कसे करावे?

तपासणीत सारे ठीक निघाले की मग पुढील उपाय करावेत. यातला कोणताही एक उपाय प्रत्येक बाळाला लागू पडेलच असे नाही. एकेक करून पाहावा. प्रत्येकाला पाच-दहा मिनिटे द्यावीत. घाईने एकापाठोपाठ एक सारे केले की बाळ अधिकच चिडते.

पहिल्याने साध्या गोष्टी पाहाव्यात. भूक आहे का? लंगोट ओला आहे का? गाठ रुतते आहे का? उकडते आहे का? आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यातही बाळाला कुंची, टोपडे, मोजे आणि वर दुपटे घातलेले मी पाहतो. आपल्याला जितके कपडे लागतात, त्याहून फार तर एक थर बाळाला जास्त. मानेला हात लावून पाहावा. घाम असेल तर कपडे कमी करावेत. कितीही ऊन असले, तरी सहा महिन्यांपर्यंत पाणी पाजू नये. आईच्या दुधात ते पुरेसे असते.

पाजताना बाळाच्या तोंडात नुसते बोंड नव्हे, तर त्याभोवतीचा काळा भागही जायला हवा. नाहीतर दुधाबरोबर हवा जाते. एका बाजूचे दूध पुरते पिऊ द्यावे, मग दुसरी बाजू द्यावी. पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर उभे धरून पाठ हळूहळू चोळावी आणि ढेकर काढावा. ढेकर आला नाही, तरी दहा-पंधरा मिनिटे उभेच धरावे. वरचे दूध देणे भागच असेल, तर बाटलीपेक्षा स्वच्छ उकळलेली वाटी-चमचा किंवा बोंडले बरे.

रडणे सुरू झाले की बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे धरावे व वरून पांघरूण घ्यावे. हे आईनेच करायला हवे असे नाही. वडिलांच्या छातीचे ठोकेही बाळाला तितकेच धीर देतात.

दुसरी पद्धत पालथ्या हाताची. बाळाला आपल्या हातावर पालथे निजवावे. डोके कोपराच्या खळग्यात एका बाजूला वळलेले, पोट आपल्या मनगटाजवळच्या भागावर, पाय दोन्ही बाजूंना. दुसऱ्या हाताने पाठ धरून संथपणे येरझाऱ्या घालाव्यात. पोटावर येणारा हलका दाब आणि चालण्याचा झोका यांनी पुष्कळ बाळे निवळतात.

तिसरे म्हणजे एकसुरी आवाज. पंख्याची घरघर, दुरून येणारा नळाचा आवाज, आजीचे हलक्या आवाजातले गाणे. पोटात असताना बाळ असाच एकसारखा आवाज ऐकत आलेले असते. मोबाइलवर असे आवाज लावत असाल, तर तो बाळाच्या उशाशी ठेवू नये आणि आवाज अगदी कमी ठेवावा.

साडीची झोळी आपल्याकडे घरोघर असते. तिचा संथ झोका चांगला. पण झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकू देऊ नये, तोंडावर कापड येऊ देऊ नये आणि बाळाला एकटे सोडून जाऊ नये. बाळ झोपले की सपाट, कडक अंथरुणावर उताणे निजवावे. दुपट्यात गुंडाळायचे तर छातीशी सैलसर आणि पाय मोकळे हलतील असे. पाय सरळ ओढून बांधल्याने कमरेच्या सांध्याला इजा पोचू शकते.

रडणे सुरू होण्याच्या वेळेआधी तासभर कोमट पाण्याने अंघोळ किंवा हलक्या हाताने मालिश करून पाहावे. पोटावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तळहात फिरवावा. पाय गुडघ्यात वाकवून सायकल चालवल्यासारखे हलवावेत. हे पाजल्यानंतर लगेच करू नये. नाका-कानात तेल घालू नये. नाळ पडून बेंबी कोरडी झाल्याशिवाय तिच्यावर हिंग, राख, तेल काहीही लावू नये. अंघोळीनंतर शेगडीची धुरी देण्याची चाल अजून आहे. त्या धुराने तान्ह्याच्या फुप्फुसांना त्रास होतो आणि बंद खोलीतील निखाऱ्यांचा वायू जिवावर बेतू शकतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने ती घराबाहेर ओढावी. सोडली तर उत्तमच.

आणि संध्याकाळी घर थोडे शांत ठेवावे. दिवा मंद, टीव्ही बंद, पाहुण्यांची ये-जा कमी. बाळाला एका हातातून दुसऱ्या हातात सारखे फिरवू नये.

बाटलीतले उपाय

आता त्या टेबलावरच्या बाटलीकडे येतो. हा भाग लिहिताना माझा हात आजही थोडा अडखळतो.

व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत मीही पोटशूळावर थेंब लिहून देत असे. त्यात डायसायक्लोमिन नावाचे औषध असे. ते आतड्यांची कळ कमी करते आणि बाळ गुंगून झोपते. आई-बाप खूश, मीही खूश. एका रात्री दोन महिन्यांचे एक बाळ माझ्याकडे आणले. रडणे थांबेना म्हणून घरच्यांनी एकदा थेंब दिले, तासाभराने पुन्हा दिले, तेही ड्रॉपर सापडला नाही म्हणून चमच्याने. बाळ चिंधीसारखे पडले होते. ओठ निळसर, श्वास मधूनच थांबत होता. प्राणवायू लावून, तळपायाला टिचक्या मारीत त्याला मी स्वतः गाडीतून मोठ्या रुग्णालयात पोचवले. ते वाचले. पण बाटलीसोबत जी चिठ्ठी होती ती माझ्या अक्षरातली होती.

या औषधाने तान्ह्यांचा श्वास थांबणे, फिट येणे, शुद्ध हरपणे असे प्रकार घडल्याची नोंद आहे. म्हणून सहा महिन्यांखालील बाळाला ते देऊ नये, असा स्पष्ट इशारा आहे. तरीही पोटदुखीचे थेंब म्हणून ते चिठ्ठीवाचून मागितले जातात आणि मिळतातही. घरात मोठ्या भावंडासाठी आणलेली बाटली उरलेली असते, ती काढली जाते. बाटलीवर डायसायक्लोमिन हे नाव दिसले, तर ती तान्ह्याच्या जवळपासही नेऊ नये.

वायू कमी करण्यासाठी सिमेथिकोनचे थेंब देतात. ते फारसे अपायकारक नाहीत. पण चाचण्यांमध्ये नुसत्या पाण्याहून त्यांचा अधिक उपयोग दिसलेला नाही. लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी या उपयोगी जंतूच्या थेंबांनी आईच्या दुधावरच्या काही बाळांचे रडणे कमी झाल्याचे आढळले आहे. तेही डॉक्टरांना विचारूनच द्यावेत.

ग्राइप वॉटर हे नाव आपल्या घरात आजीइतकेच जुने. १८५१ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी ते बनवले. त्या जुन्या कृतीत मद्यार्क होता. बाळ शांत होण्यात त्याचा वाटा किती असेल ते वाचकांनीच ओळखावे. आजच्या ग्राइप वॉटरमध्ये मद्यार्क नसतो, पण त्याने पोटशूळ बरा होतो असा पुरावाही नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, या नियमात ते बसत नाही.

गुटीबद्दल आजींशी माझा नेहमी वाद होतो. हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ सहाणेवर उगाळून दिलेली गुटी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, हे खरे. पण सहाण आणि पाणी किती स्वच्छ, वेढे किती घेतले, यावर सारे अवलंबून. हात सैल पडला तर जायफळाने बाळाला गुंगी येते. गुटीत मध घालून चाटवला, तर आणखी धोका. एक वर्षाखालील बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा लुळेपणा आणणारा गंभीर आजार होऊ शकतो. गुंगी आली म्हणजे दुखणे गेले, असे नव्हे. मुंबईच्या कापड गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी काम करणाऱ्या स्त्रिया तान्ह्यांना अफूची 'बाळगोळी' देऊन कामावर जात. मुले दिवसभर निपचित पडत. त्यांना आपण शांत बाळे म्हणणार का?

शेवटचा प्रकार लिहिणे भाग आहे, कारण तो आपल्याच जिल्ह्यात घडतो. इथून वर घाट चढला की मेळघाट. तेथे बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देण्याची चाल अजून पुरती मोडलेली नाही. 'डंबा' असे तिला म्हणतात. पोटावर काळ्या डागांच्या रांगा असलेली बाळे मी तपासली आहेत. चटक्याच्या वेदनेने थकून बाळ गप्प होते, आणि उपाय लागू पडला असे घरच्यांना वाटते. खरे तर जखमा चिघळतात, जंतू रक्तात जातात आणि मूळ आजार तसाच राहतो. त्या आई-बापांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. रात्री रडणाऱ्या लेकराला घेऊन घाट उतरायला वाहन नसेल, तर माणूस हाताशी असेल तेच करतो. मात्र मेडिकलातून न विचारता थेंब आणणाऱ्या शहरी बापाने त्यांच्याकडे बोट दाखवू नये. दोघांचीही धडपड एकच असते, बाळाला कसेही करून गप्प करण्याची.

आईकडे कोण पाहील?

पोटशूळ बाळाला इजा करीत नाही. त्याने वजन घटत नाही, बुद्धी कमी होत नाही, पुढे पोटाचा विकार जडत नाही. इजा होते ती आपल्या उतावळेपणाने. म्हणून या आजारात खरी काळजी घ्यायची ती बाळाला सांभाळणाऱ्याची.

दोन-तीन तास कानाशी आकांत चालला की शहाण्यासुरत्या माणसाचाही तोल जातो. अशा वेळी बाळाला खांद्याला धरून गदागदा हलवण्याची ऊर्मी येऊ शकते. तसे कधीही करू नये. तान्ह्याची मान कमकुवत आणि डोके जड असते. काही क्षणांच्या हिसक्याने मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ दगावू शकते किंवा कायमचे अंध, अपंग होऊ शकते. झोळीचा संथ झोका वेगळा आणि हा हिसका वेगळा.

आपला संयम संपत आला असे वाटले, तर बाळाला अंथरुणावर उताणे निजवावे, दार लोटावे आणि पाच-दहा मिनिटे ओसरीवर जाऊन बसावे. पाणी प्यावे. मग परत येऊन पाहावे. तेवढा वेळ रडल्याने बाळाला काही होत नाही. यात आईपणाला कमीपणा नाही, उलट बाळाचा जीव सांभाळणे आहे.

घरातल्यांनी पाळ्या लावाव्यात. संध्याकाळी सात ते नऊ वडिलांनी बाळ घ्यावे, नऊ ते दहा आजीने. तेवढ्यात आईने जेवावे, अंघोळ करावी, डोळा लावावा. स्वयंपाक, धुणे यांची तिला घाई करू नये. बाळंतिणीला सारखे रडू येते, झोपण्याची संधी असूनही झोप येत नाही, बाळाबद्दल काही वाटेनासे होते, जगणे नकोसे वाटते, असे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर तो आळस किंवा नाटक नव्हे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालू असतो. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

त्या संध्याकाळी मी बाळाला तपासले. वजन करून तक्त्यावर मांडले, ते उत्तम वाढत होते. थेंबांची बाटली ठेवून घेतली. मुलाला हातावर पालथे धरायला शिकवले. त्याचा हात आधी थरथरत होता. आजींना म्हटले, "आजी, सुनेच्या दुधानेच नातू असा बाळसेदार झाला आहे. आता तिला दोन घास जास्त वाढा, आणि नऊ वाजता नातू तुमच्याकडे." औषध काही दिले नाही. एका कागदावर रोज रडणे किती वाजता सुरू झाले आणि किती वाजता थांबले, एवढे लिहायला सांगितले.

साडेतीन महिन्यांच्या लसीला ते सारे पुन्हा आले. कागद सोबत होता. सुरुवातीला साडेतीन तास, मग तीन, दोन, मग पाऊण तास आणि शेवटच्या आठवड्यात नुसत्या रेघा. बाळाने माझ्या स्टेथोस्कोपची नळी पकडली आणि हसले. सुई टोचली तेव्हा रडले, पण मिनिटभरच. आजी मला म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, कोणतं औषध लागू पडलं म्हणायचं हे?"

मी सुनेकडे बोट दाखवले.